सांजवर्गाचा नियम

मिस्बाहने फळ्यावरचे समीकरण अर्ध्यावर सोडले. वर्गाच्या दारात तिचे अब्बा उभे होते.

नबी गाद्या भरण्याचे काम करी. त्याच्या सदऱ्याला, भुवयांना कापसाची लव चिकटलेली होती. घटकाभरापूर्वी धामणगावच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, ओळखीच्या देवरावने त्याला चारचौघांत विचारले होते, "काहून गा नबीभाऊ, तू तं चांगला जित्ता हायेस. मंग तुई पोरगी त्या बिनबापाच्या वर्गात काय करून राहिली?" लोक हसले होते. नबी चहा तसाच टाकून उठला होता आणि रेल्वे फाटक ओलांडून तडक इकडे आला होता.

हा सांजवर्ग अमरावतीच्या एका संस्थेने चालवला होता. शाळा सुटल्यावर आसपासच्या खेड्यांतली आठवी ते दहावीची मुले इथे गणित आणि विज्ञान शिकायला येत. भारनियमनात सारा परिसर काळोखात बुडाला तरी इथे इन्व्हर्टरवर दोन ट्यूबलाइट जळत. प्रवेशाचा नियम एकच होता. ज्यांनी वडील गमावले, त्यांनाच जागा. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत तशी घरे गावोगाव होती, आणि या मुलखाने एक रीत न ठरवताच अंगीकारली होती. बाप कसा गेला, हे लेकराला विचारायचे नाही. म्हणूनच मिस्बाह "अब्बा नाहीत" एवढेच म्हणाली, तेव्हा वर्ग घेणाऱ्या सूर्यभान सरांनी मान खाली घातली आणि तिला खिडकीजवळची जागा दाखवली. दाखला मागितला नाही.

घरी तिने 'शाळेत जादा तास आहेत' असे सांगितले होते. सहामाहीत ती गणितात नापास झाली होती. "बोर्डात असंच झालं तं शाळा बंद," असे नबीने त्याच दिवशी बजावले होते. या वर्गातली जागा गेली, तर मार्चनंतर मिस्बाहची शाळा उरणार नव्हती.

आणि आज नेमक्या संस्थेच्या वच्छलाताई अमरावतीहून पाहणीला आल्या होत्या.

"कोण पाहिजे, भाऊ?" त्यांनी विचारले.

वाटभर चघळलेले रागाचे शब्द नबीच्या ओठांवर होते. त्याने ट्यूबलाइटकडे पाहिले. फळ्याकडे पाहिले. त्याला त्यातले काही वाचता येत नव्हते, पण अर्धा फळा भरला होता आणि ते अक्षर आपल्या पोरीचे आहे, हे त्याला कळले. मिस्बाहच्या हातात खडू तसाच होता.

"मिस्बाहचे कोण तुम्ही?"

"मामू लागतो," नबी म्हणाला. "बाप नाही ना हिले. अंधार पडला, म्हून न्याले आलो. चालू द्या तुमचं. मी बसतो भाईर."

"बरं केलंत आलात," वच्छलाताई मायेने म्हणाल्या. "बाप गेला की लेकराकडे पाहणारं कोणी उरत नाही."

नबीने होकारार्थी मान हलवली आणि तो पाठमोरा झाला.

"सर!" मिस्बाहचा आवाज चिरकला. "मामू नाहीत ते. अब्बा आहेत माझे. मी खोटं बोलली."

वच्छलाताईंचा चेहरा कठीण झाला. "ज्या लेकराची ही जागा होती, ते आज घरी बसलं आहे. समजतं का तुला? नियम सगळ्यांना सारखा. उद्यापासून तू यायचं नाहीस."

"पोरीले काही बोलू नका, बाई," नबी दारातून म्हणाला. "रोज अंधारात कोठून येते, हे म्याच कधी पुसलं नाही तिले. आन् आता मामू म्हनलं, ते बी मीच."

सूर्यभान सर यांपैकी कोणाकडेच पाहत नव्हते. ते वर्गाकडे पाहत होते. मुलाचे खोटे पकडले गेले की वर्गात कुजबुज होते, कोणी फिदीफिदी हसते, माना वळतात. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत याला अपवाद त्यांनी पाहिला नव्हता. आज एकही मान वळली नव्हती. जवळजवळ सारी मुले आपापल्या बाकाच्या लाकडाकडे टक लावून बसली होती.

सर पुढे येऊन वर्गासमोर उभे राहिले.

"ताई, जरा थांबा." त्यांनी डस्टर खाली ठेवले. "पोरांनो, मी एक गोष्ट विचारतो. कोणाची जागा जाणार नाही. गेलीच, तं आधी माझी जाईल. ज्यांचे वडील आज घरी आहेत, त्यांनी हात वर करा."

वच्छलाताई काही बोलण्यासाठी पुढे झाल्या. सरांनी नुसता पंजा उभारून त्यांना थांबवले.

मग भिंतीकडच्या बाकावर एक हात वर गेला. त्या मुलाने डोळे घट्ट मिटले होते. त्याच्या शेजारचा हात वर गेला. मागच्या रांगेत दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिले. गेल्या पोळ्यापासून त्या एकमेकींचे सांत्वन करीत आल्या होत्या. दोघींनी एकदमच हात उचलले. वच्छलाताई सावकाश खुर्चीत बसल्या.

हात वर येतच राहिले. ज्या थोड्या मुलांचे हात खालीच राहिले, त्यांच्याकडे वर्गातल्या एकानेही वळून पाहिले नाही.