साडेसातचे वाचक

“सही करायच्या आधी आकडा आला कुठून ते बघायचं, उज्ज्वला. सही पुसता येत नाही.”

नरहरी सरांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी कागदावर सही करायची वेळ आली की हे वाक्य उज्ज्वलाताईंच्या कानाशी येऊन बसायचंच. भूगावच्या पुढच्या फार्मसी कॉलेजचं ग्रंथालय सरांनीच त्यांच्या हाती सोपवलं होतं. आज तर सकाळी पोथी वाचतानाही त्या एकाच ओवीवरून तीनदा फिरून आल्या. पुढं सरकवेना.

टेबलावर यादी होती. कॉलेज घेत असलेली चोवीस ई-जर्नलं आणि वर्षभरात कोणतं किती वेळा उघडलं गेलं, त्याचे आकडे. प्राचार्यांनी बजावलं होतं, महिन्याला वीसच्या खाली जे असेल ते नव्या वर्षात बंद. उद्या दुपारी यादीवर सही करून द्यायची.

वीसच्या खाली एकही नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

प्रत्येक जर्नल रोज एकदा. ना कमी, ना जास्त. रविवार सोडला तर वर्षभरात खाडा नाही, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा नाही. आणि वेळ सकाळी साडेसात ते साडेआठ, जेव्हा वर्गांना अजून कुलपं असतात. गेल्या ऑक्टोबरात आकडे चढू लागले तेव्हा ताईंना वाटलं होतं, वाचक यावेत म्हणून केलेल्या आपल्या गुरुवारच्या उपासांना फळ आलं. त्यांनी आणखी अकरा गुरुवार धरले होते.

यादीत सतराव्या नंबरला गौतमीचं जर्नल होतं, वनौषधींवरचं. माले गावची ही मुलगी आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून संशोधन अर्ध्यावर ठेवून घरी गेली होती. जाताना दारात घुटमळली. म्हणाली, “जानेवारीत येते, मॅडम. तोवर माझं जर्नल बंद पडू देऊ नका. हे गेलं तर माझी तीन वर्षं पाण्यात.”

“नाही पडू देत. शब्द दिला,” ताई म्हणाल्या होत्या.

आता गौतमी मालेत आईची उशापायथ्याची सेवा करत होती. मग तिचं जर्नल रोज सकाळी उघडत होतं कोण?

कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या फरहानने यादीवर नजर टाकली आणि हसला.

“ताई, हे माणसाचं काम नाय. माणसानं कधी दोन लेख वाचले असते, कधी दांडी मारली असती. आणि हे बघा, दरवेळी सगळ्यात वरचाच लेख. उघडला की मिटला. कुणीतरी प्रोग्रॅम सोडलाय. आपल्या आवारात पासवर्डही लागत नाय.”

“तू नाही ना सोडलास?”

“मी सोडला असता तर तुम्हाला कळला नसता.”

“चेष्टा नको रे. यंत्रानं लेख उघडलेले सापडले, तर प्रकाशक सगळ्या कॉलेजलाच दार बंद करतो. करारात लिहिलंय तसं.”

“मग शोधूच नका. सही करा आन मोकळ्या व्हा. आकडा कमी आला तर लोक विचारतात. जास्त आला तर कोण विचारतंय?”

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना त्यांच्या हातून दोन काड्या विझल्या. सही केली तर खोटेपणा, न करावी तर त्या पोरीची तीन वर्षं. देवासमोर बसल्या, तर तिथंही सतरा नंबरच डोळ्यांपुढं.

दुसऱ्या दिवशी चहासुद्धा न घेता त्यांनी पहिली एसटी धरली. पावणेआठला ग्रंथालयाशी पोचल्या. दार ढकललेलं होतं. बाहेर झाडू भिंतीला टेकवलेला आणि शेजारी चपला काढून ठेवलेल्या.

आत सारजाबाई कॉम्प्युटरपुढं बसल्या होत्या. कॉलेजची झाडलोट करणाऱ्या सारजाबाई. ओठ हलत होते, एक बोट माऊसवर.

“सारजाबाई?”

“आलात व्हय? वाईच थांबा. दोन ऱ्हायलीत. मधीच बोललं की मोजाय चुकतं.”

ताई थांबल्या. सारजाबाईंनी दोन उरकली, पडद्याला बोटं लावून कपाळाला लावली.

“हे रोज करता तुम्ही?”

“माझी नऊ. वॉचमन गेणबाची आठ. बागेतल्या मौलाची सात. वाटून घेतलीत, पारायणाला अध्याय वाटून घेत्यात तशी. एकट्याला उरकत न्हाई ओ.”

नऊ, आठ, सात. ताईंनी मनात बेरीज केली. चोवीस.

“काय लिहिलंय ते कळतं का तुम्हाला?”

“मला? मला माझं नाव बी लिवता येत न्हाई. नावावर दाबायचं, कागद आला की मिटायचं. वाचणारी पोरं येतील तवा येतील.”

“एकही पोरगं येत नाही?”

“ती गौतमी यायची. आता ती बी न्हाई. तिचं गेणबाकडं हाय.”

ताईंनी आवाज खाली आणला. “कुणी सांगितलं हे करायला? खरं सांगा, सारजाबाई. आज मला वर जाऊन नाव सांगावं लागेल.”

मॅडम गंमत करतायत की काय, ते सारजाबाईंना कळेना.

“तुमीच की. मागल्या खंडेनवमीला. ह्या मशिनीची पूजा केली, आमच्या हातावर पेढा ठिवला आन म्हणालात, ह्यात चोवीस मासिकं हायेत, रोज कुणीतरी उघडली पायजेत, न्हाईतर बंद पडत्यात. आमी तिघांनी तितंच नेम धरला.”

बाहेर कॉलेजची पहिली बस आवारात वळली. सारजाबाईंनी घाईनं पदराला हात पुसले.

“गेणबा म्हाळुंग्याला लग्नाला गेलाय. त्येची आठ करते म्हणून सांगितलंय त्याला,” असं म्हणून त्या शेजारच्या कॉम्प्युटरपुढं जाऊन बसल्या.