स्टुलावरचा कायदा

जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून विनामोबदला बनवलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या दर आवृत्तीत काय बदललं, ते बाबा लिहायचे आणि आईला स्टुलावर बसवून वाचून दाखवायचे. आईला संगणकातलं ओ की ठो कळत नसे. ती अडली, की ओळ बदलायची, हा बाबांचा कायदा. बाबा गेल्यावर ते काम लेकीने मागून घेतलं. आज आईला त्याच स्टुलावर बसवून तिने वाचलं: "नवी आवृत्ती घेण्यापूर्वी प्रिंटर काढून ठेवावा." "का म्हणून?" आईने विचारलं. "बापासारखीच कारण द्यायला विसरतेस." लेकीने कारण लिहिलं. "हं, पुढे." बाबांना मिळायचा तोच होकार ऐकून लेकीची मान ताठ झाली. शेवटी आभार आले: "प्रत्येक ओळ ऐकणाऱ्या आईचे." स्टूल करकरलं. "खोड ते. तुझे बाबाही दरवेळी हेच लिहायचे, मी खोडायला लावायचे." लेकीने कायदा मोडला. ओळ जगभर गेली.