हौदातलं रॉकेल

“अहो, कळलं हो मला! हौदात डास झालेत, हेच ना?” म्हणत प्रमिलाबाईंनी रॉकेलची बाटली परसातल्या हौदात रिकामी केली.

पक्षाघाताने वामनरावांचं उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती. रोज सकाळी त्यांची चाकाची खुर्ची परसात आणली, की ते डाव्या हाताने हौदाकडे बोट दाखवून ‘अं अं’ करत राहायचे. आज लांबूनच पाण्यात काळी वळवळ दिसली आणि प्रमिलाबाईंना वाटलं, उलगडा झाला. रॉकेल पडताना ते किंचाळले, तेव्हा “वास जाईल थोड्या वेळात,” म्हणून त्या स्वयंपाकाला लागल्या.

दुपारी जेवायला न्यायला आल्या, तर वामनरावांचे डोळे वाहत होते. प्रमिलाबाईंनी पहिल्यांदाच हौदात वाकून पाहिलं. बेडकाची पिल्लं मरून तरंगत होती. शेपटीच्या बुडाशी प्रत्येकाला दोन इवले पाय फुटले होते.

“हे दाखवत होतात रोज? आणि मी एकदाही वाकून पाहिलं नाही हो!”

वामनरावांनी डावा हात लुळ्या मांडीवर ठेवला आणि दोन बोटं हळूहळू चालवत गुडघ्यापर्यंत नेली.