कोटाच्या वर

मे २०००मध्ये भोरच्या फोटो स्टुडिओत एहसाननं ‘आय लव्ह यू’ अशी मेल उघडली, आणि व्हायरसनं कॉम्प्युटरमधले सगळे फोटो पुसले, एहसानचे स्वतःचेसुद्धा.

आठवड्यानं हिर्डोशीच्या फुलाबाई फ्रेम घेऊन आल्या. नवरा वारल्यावर एहसाननंच त्याच कॉम्प्युटरवर जत्रेतल्या फोटोतला चेहरा कोट-टायवर बसवून हा फोटो करून दिला होता.

आता कोट होता, टाय होता. वर नुसता पांढरा कागद.

“एहसान, कुनी हात बी लावला न्हाई रं.”

“परत करून देतो, मावशी. कसे दिसायचे ते सांगा.”

फुलाबाईंनी फ्रेमच्या काचेवरून बोट फिरवलं. “त्येच आठवंना.”

मग त्यांनी एहसानकडं पाहिलं, आणि परक्या माणसासमोर ओढावा तसा पदर पुढं ओढला.

“तुमी कोन? हितला एहसान कुठं गेला?”