होकाराची मान

जर्मनीत नोकरी लागली की बल्गेरियाहून आलेल्या स्टोयानच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: भट्टीसमोरचं काम आणि लेकीसोबतचे सुट्टीचे रविवार. पत्त्याची नोंद, बँकेचं खातं, विमा, सगळं तयार होतं. तरी तीन बेकऱ्यांनी त्याला परत पाठवलं.

"कागद बघून खूश होतात आणि मग हाकलतात!" तो करवादला.

"'उद्यापासून याल?' विचारल्यावर काय करतोस?" बहिणीने विचारलं.

त्याने मान आडवी हलवली.

"कर्म माझं! दादा, आपल्याकडचा होकार इथे नकार असतो. इथे 'हो' म्हणजे वर-खाली!"

चौथ्या बेकरीत स्टोयानने नंदीबैलासारखी मान डोलावली. अनुभव आहे? डोलावली. उद्यापासून? डोलावली. खुललेल्या मालकाने उठता उठता विचारलं, "रविवारीही याल ना?"

छे! जन्माच्या सवयीने मान वर-खाली झाली. गावाकडचा ठाम नकार.

"वा!" मालकाने हात पुढे केला. चूक सांगायला स्टोयानने तोंड उघडलं, पण मागची तीन दारं आठवली आणि त्याने तो हात धरला.

मालकाला कामगार मिळाला, स्टोयानला भट्टी. किंमत मोजली सहा वर्षांच्या लेकीने: वर्षाचे बावन्न रविवार.