फ्यूचर ट्रान्झिशन पार्टनर

“आजपासून आपल्या कंपनीत कुणीही कर्मचारी नाही, सगळे पार्टनर!” रोह्याच्या कारखान्यात मोठ्या साहेबांनी घोषणा केली. चाळीस जणांना आदल्याच दिवशी नारळ दिला होता, त्यामुळे निम्मी घोषणा आधीच खरी झाली होती.

निलेशला नव्या पदाचं पत्र मिळालं: ‘फ्यूचर ट्रान्झिशन पार्टनर’. त्याने ते चार वेळा वाचलं. तेवढ्यात कासू गावाहून आईचा तिसऱ्यांदा फोन. त्याने तिलाही पदाचं नाव वाचून दाखवलं.

“तुझं इंग्रजी ऱ्हाऊ दे रे. नोकरी हाय का गेली, येवढंच सांग.”

त्याला तरी कुठे ठाऊक होतं? तो तडक एचआरच्या उर्वी मॅडमकडे गेला.

“मॅडम, या पदावर नेमकं करायचं काय?”

“अभिनंदन, निलेश! भविष्य आता पूर्णपणे तुमच्या हातात आहे,” मॅडम हसून म्हणाल्या. “फक्त उद्या लॅपटॉप जमा करताना चार्जर विसरू नका हं.”