वयाची अट

सदुसष्टाव्या वर्षी प्रफुल्ल गजभिये नागपूरहून अमेरिकेत अल्फारेटाला लेकीकडे राहायला आले, त्याच दिवशी हर्षिताने गॅरेजमधल्या शिडीला साखळी घालून कुलूप लावलं. "बाबा, बल्बसुद्धा तुम्ही बदलायचा नाही. या वयात पडलात तर?" पस्तीस वर्षं गावोगावी पाण्याच्या टाक्या उभारलेल्या माणसाला तिने सीनियर सेंटरमध्ये खुर्चीवर बसून करायच्या योगासनांच्या वर्गाला घातलं.

तिथल्या एका मासिकात त्यांनी जपानमधल्या डोंगरातल्या एका गावाविषयी वाचलं. माणसं उरली होती दोनशे, शाळा बंद पडली होती, बर्फाच्या ओझ्याने छपरं वाकली होती. पण गावाचं तरुण मंडळ मात्र जोरात होतं. लेखाखाली स्वयंसेवकांसाठी मंडळाचा ईमेल दिला होता. प्रफुल्लरावांनी त्याच खुर्चीवर बसून अर्ज धाडला, आणि वय लपवलं नाही.

शनिवारी हर्षिता वृद्धांच्या अपार्टमेंटचं ब्रोशर घेऊन आली. "जस्ट बघून तर घ्या, बाबा. तिथे सगळे तुमच्याच वयाचे असतात."

त्यांनी ब्रोशरकडे बघितलंही नाही. मंडळाचं उत्तर उघडून फोन तिच्या हातात दिला, आणि शिडीच्या किल्लीसाठी हात पुढे केला.


'तुमचं वय वाचून फार आनंद झाला. छपरावर चढायला पोरंच मिळत नाहीत. आमच्यातला सगळ्यात धाकटा कार्यकर्ता एकाहत्तर वर्षांचा आहे.'